तीन किलो लोखंड आणि गाडीचा पिकअप

माझ्या भाच्याने आपल्या छोट्या हॅचबॅक गाडीचे फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाला जोडलेली जड तबकडी, काढून लेथवर नेले, त्याच्या कडेचे ३ किलो लोखंड उतरवून घेतले आणि ‘इंजिनाची ताकद वाढली’ असे आनंदाने कळवले. गाडी पूर्वीपेक्षा चपळ झाली होती हे खरे. पण सिंहगडाच्या चढावर ती दोनदा बंद पडली, हेही खरे. ताकद मात्र एका अश्वशक्तीनेही वाढलेली नव्हती.

कुंभार जड चाकाला दांड्याने गती देतो आणि मग चाक फिरत असेपर्यंत दोन्ही हात मडक्यासाठी मोकळे ठेवतो. फ्लायव्हीलचे काम तेच आहे. चार-स्ट्रोक इंजिनात एका सिलिंडरकडून क्रँकच्या (इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांमध्ये एकदाच जोर मिळतो, आणि पुढचे मिश्रण दाबायला उलट जोर लागतो; हे चढउतार पचवून क्रँक एकसारखा फिरत ठेवण्यासाठी त्याच्या टोकाला ही जड तबकडी बसवलेली असते.

आता या तबकडीची गंमत पाहू. पहिल्या गिअरमध्ये, डिफरन्शिअल (गिअरबॉक्सनंतरची, चाकांकडे जाणारी दात्यांची जोडणी) धरून, इंजिनाच्या १४ फेऱ्यांना चाकाची एक फेरी होते असे समजा. गाडीचा वेग वाढवायचा तर फ्लायव्हीलच्या फेऱ्या चाकाच्या १४ पट झपाट्याने वाढवाव्या लागतात. हा झाला पहिला १४. फ्लायव्हीलला गती देण्यात जो टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, खर्च होतो तो तसा खर्च झाला नसता, तर गिअरबॉक्समधून चाकापर्यंत पोहोचताना १४ पट झाला असता. हा दुसरा १४. म्हणजे परिणाम १४ पट नव्हे, १४ गुणिले १४, अर्थात १९६ पट होतो. त्यात त्रिज्यांचा हिशेबही धरावा लागतो: उतरवलेले लोखंड मध्यापासून १३ सेंटिमीटरवर होते आणि टायरची त्रिज्या २८ सेंटिमीटर आहे, असे धरले तर १३ भागिले २८ याचा वर्ग साधारण ०.२२ येतो. गुणाकार केला की कडेचे प्रत्येक किलो लोखंड पहिल्या गिअरमध्ये सुमारे ४२ किलोंसारखे वागते, आणि ३ किलो काढणे म्हणजे गाडीतून जवळजवळ १२७ किलो, म्हणजे दोन धडधाकट माणसे, उतरवण्यासारखे ठरते. तेच ३ किलो मध्यापासून ५ सेंटिमीटरवरून काढले असते, तर फायदा १९ किलोंच्या आसपासच झाला असता. वजन किती यापेक्षा ते कुठे आहे याला महत्त्व असते ते यामुळे.

पाचव्या गिअरमध्ये मात्र ही जादू ओसरते. तिथे एकूण गुणोत्तर १४ ऐवजी ३ असेल, तर त्याचा वर्ग ९, आणि त्याच ३ किलोंची किंमत ६ किलोंपेक्षाही कमी. स्थिर वेगात फ्लायव्हीलला नवी गती द्यायचीच नसते, त्यामुळे गाडीचा कमाल वेग जसाच्या तसा राहतो. काही डायनोंवर, म्हणजे ताकद मोजण्याच्या यंत्रांवर, जड रोलर किती लवकर वेग घेतो यावरून ताकद मोजतात. त्यांच्यावर हलक्या फ्लायव्हीलचा आकडा थोडा वर गेलेला दिसतो आणि गॅरेजवाले तो कागद कौतुकाने दाखवतात. ठरावीक फेऱ्यांवर ब्रेक लावून मोजले की ती वाढ नाहीशी होते. पेट्रोलच्या नळीला चुंबक बांधून मायलेज वाढवण्याच्या दाव्यापेक्षा हा प्रकार बरा, एवढेच म्हणता येईल, कारण इथे निदान पिकअप खरोखर सुधारतो.

चढावर गाडी बंद पडण्याचे कारणही याच तबकडीत आहे. मूळ फ्लायव्हील ८ किलोंचे आणि १४ सेंटिमीटर त्रिज्येचे, सपाट तबकडीसारखे असेल, तर मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या आयडलिंगला त्यात सुमारे २७५ ज्यूल ऊर्जा साठलेली असते. हाफ क्लचवर गाडी हलवताना पहिला झटका हा साठा सोसतो. कडेचे ३ किलो गेले की या साठ्याचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग जातो, आणि ॲक्सिलरेटर वेळेवर दाबला नाही की इंजिन मान टाकते. त्यातही ओतीव लोखंडाची तबकडी बेताबाहेर पातळ केली, तर जास्त फेऱ्यांवर ती फुटू शकते, हा धोका वेगळाच.

हे सगळे क्लचच्या गाडीचे झाले. टॉर्क कन्व्हर्टरच्या (क्लचऐवजी तेलातून जोर पुढे पोहोचवणाऱ्या) ऑटोमॅटिकमध्ये क्रँकला फक्त पातळ पत्र्याची फ्लेक्सप्लेट असते आणि जडत्वाचे काम तेलाने भरलेला कन्व्हर्टर करतो, म्हणून तिथे उतरवायला लोखंडच नसते. सीव्हीटीमध्ये, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी गुणोत्तर सलग बदलणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये, ॲक्सिलरेटर एकदम दाबला की गुणोत्तर बदलते, इंजिनाच्या फेऱ्या चढतात आणि त्या चढेपर्यंत ताकदीचा काही हिस्सा इंजिनाच्याच फिरत्या भागांत मुरतो. आवाज आधी आणि वेग मागून, अशी तक्रार ऐकू येते तिचे हे एक कारण आहे. एएमटीत, म्हणजे साधाच गिअरबॉक्स यंत्राने बदलणाऱ्या गाडीत, क्लच आणि फ्लायव्हील नेहमीचेच असतात, पण ते हाताळणारा पाय यंत्राचा असतो. ३,००० फेऱ्यांवर पहिल्यातून दुसऱ्यात जाताना इंजिनाला साधारण १,६०० पर्यंत उतरावे लागते, जड फ्लायव्हील सावकाश उतरते, आणि यंत्र तेवढा वेळ थांबते किंवा घाईने क्लच जोडून धक्का देते. गिअर पडायच्या क्षणी ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित सैल केला की हा धक्का बराच कमी होतो. एएमटी चालवणारे अनेकजण ही युक्ती सवयीने शिकतात, फक्त तिचे श्रेय ते गिअरबॉक्सला देतात.