एका बटणावर 43 फ्लॅश

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात येगर नावाचं छोटंसं गाव आहे, तिथे 2 ऑगस्ट 1956 च्या रात्री ओ. विन्स्टन लिंकने एक फोटो काढला. गाडीत बसून सिनेमा बघायचं उघडं ड्राइव्ह-इन थिएटर, समोर उघड्या गाडीत बसलेलं जोडपं, पडद्यावर विमान आणि मागून धडधडत जाणारं वाफेचं इंजिन. या एका फोटोसाठी त्याने 43 फ्लॅशबल्ब एकाच क्षणी उडवले, 42 मोठे आणि 1 छोटा. तेव्हा बिनतारी फ्लॅश उडवणारे रेडिओ ट्रिगर नव्हते, जे काही होतं ते वायर, बॅटरी आणि कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून एकदम सोडणारा भाग. मला स्वतःला फोटोपेक्षा त्या वायरिंगचं जास्त कौतुक वाटतं, कारण तिथे चूक झाली असती तर ट्रेन निघून गेली असती आणि ती काही परत मागे येत नाही.

लिंक ब्रुकलिनचा, शिक्षणाने सिव्हिल इंजिनीअर, धंद्याने न्यूयॉर्कमधला कमर्शियल फोटोग्राफर. 1955 पासून 1960 पर्यंत तो नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेच्या शेवटच्या वाफेच्या इंजिनांच्या मागे लागला होता. रात्रच का? सूर्य कुठे असावा हे आपल्या हातात नसतं, रूळही हलवता येत नाहीत, मग अंधारात सगळा उजेडच आपला आपण लावायचा. शिवाय दिवसा पांढरी वाफ पांढुरक्या आभाळात हरवते, तीच काळ्या रात्रीत बाजूने उजेड पडला की भिंतीसारखी उठून दिसते.

पण मग एकच भला मोठा फ्लॅश कॅमेऱ्याजवळ का नाही लावायचा? कारण उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो. कॅमेऱ्यापासून 10 मीटरवर जेवढा पडतो त्याचा फक्त सोळावा भाग 40 मीटरवर पोचतो, म्हणजे समोरची गाडी पांढरीफटक आणि मागचं इंजिन काळंठिक्कर. उपाय एकच, जिथे उजेड पाहिजे तिथे जवळ दिवा नेऊन ठेवायचा, आणि असे बरेच दिवे लांबलांब ठेवायचे म्हटल्यावर ते सगळे एकदम कसे पेटवायचे हा प्रश्न आलाच.

आता फ्लॅशबल्ब म्हणजे काय ते बघू. काचेच्या बल्बमध्ये ऑक्सिजन भरलेला, आत केसासारख्या बारीक धातूच्या तारांचा किंवा पत्र्याच्या कापांचा गुंता, आणि मधे एक फिलामेंट. करंट दिला की फिलामेंट तापतं, त्यावरचा ज्वालाग्राही लेप पेटतो आणि आतला धातू भस्सकन जळतो. एकदाच वापरायचा, मग फेकायचा. बटण दाबल्यापासून उजेड पूर्ण जोरात यायला साधारण 20 मिलिसेकंद लागतात, त्यामुळे जुन्या शटरवर एम नावाची खूण असायची, त्या खुणेवर शटर मुद्दाम थोडं थांबून उघडायचं. 20 मिलिसेकंद ऐकायला काहीच नाही, पण ताशी 100 किलोमीटरने जाणारी ट्रेन तेवढ्यात अर्ध्या मीटरपेक्षा जास्त पुढे सरकते. म्हणजे एक बल्ब आत्ता आणि दुसरा जरा वेळाने असं अजिबात चालणार नाही.

म्हणून लिंकने बल्ब सिरीजमध्ये जोडले. आपल्याकडची दिवाळीची जुनी माळ आठवा, एक बल्ब गेला की सगळी माळ बंद. घरी याचा वैताग यायचा पण लिंकसाठी तोच फायदा होता. सिरीजमध्ये सगळ्या बल्बांतून एकच करंट एकाच वेळी जातो, तारेच्या टोकाचा बल्ब लांब आहे म्हणून त्याला कमी मिळाला असं होत नाही. आणि कुठे जोड सुटला असेल तर त्या सर्किटमधला एकही बल्ब उडत नाही, अर्धा उजेड पडलेला फोटोही येत नाही आणि बल्बही वाचतात. त्यात बल्ब पेटणार नाही इतका बारीक करंट सोडून सर्किट पूर्ण आहे की नाही हे ट्रेन यायच्या आधीच तपासता येतं. किंमत एवढीच की बल्ब वाढले की रोध वाढत जातो आणि व्होल्टेजही तेवढं जास्त लागतं, म्हणून बॅटरीने आधी कपॅसिटर भरून ठेवायचा आणि बटण दाबलं की तो एका झटक्यात रिकामा करायचा. एका साखळीत शक्यतो एकाच जातीचे बल्ब घालायचे, नाहीतर नाजूक फिलामेंट आधी तुटून बाकीच्यांचा रस्ताच बंद करतं.

त्या येगरच्या फोटोत एक गंमत आहे. फ्लॅशचा उजेड इतका जबर होता की पडद्यावरचं चित्र पार धुऊन गेलं, ते विमान लिंकने नंतर दुसऱ्या निगेटिव्हवरून प्रिंटमध्ये बसवलं.

आता आजच्या फ्लॅशकडे येऊ, कारण इथे वायरिंगचं गणित बरोब्बर उलटं होतं आणि जुनं वाचून कोणी आजचे फ्लॅश सिरीजमध्ये जोडायला गेलं तर हाती काही लागणार नाही. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशमध्ये झेनॉन वायूची नळी असते आणि तिच्या दोन टोकांना 300 व्होल्टच्या आसपास भरलेला मोठा कपॅसिटर. नुसत्या तेवढ्याने नळी पेटत नाही, झेनॉन वीज जाऊच देत नाही. म्हणून आत एक छोटा कपॅसिटर आणि एक ट्रिगर कॉइल असते. ही कॉइल काही हजार व्होल्टचा ठोका नळीवर मारते, वायू आयनीभूत होतो, म्हणजे वीज जाऊ देतो, आणि मोठा कपॅसिटर साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागात नळीतून रिकामा होतो. यात कॅमेरा काय करतो? वीज तो देतच नाही, फक्त दोन तारा एकमेकींना टेकवतो. साधं स्विच. प्रत्येक फ्लॅशची वीज त्याची स्वतःची, त्यामुळे कॅमेऱ्याकडे जाणाऱ्या सिंक वायरच्या प्लगमध्ये सगळ्या फ्लॅशच्या मधल्या पिनच्या तारा एकत्र, बाहेरच्या कडीच्या तारा एकत्र, म्हणजे पॅरलल. एक स्विच मिटलं की सगळ्यांना एकदम खबर.

लांबच्या फ्लॅशला खबर उशिरा मिळेल का असं बरेचजण विचारतात. 10 मीटर वायरमधून सिग्नल जायला साधारण 50 नॅनोसेकंद लागतात आणि फ्लॅश पेटलेला असतो सुमारे एक मिलिसेकंद, म्हणजे त्याच्या वीस हजार पट, तेव्हा ती चिंता सोडून द्या.

खरी काळजी व्होल्टेजची. सिंक वायरच्या दोन टोकांमध्ये फ्लॅशचं जे व्होल्टेज दिसतं ते नव्या फ्लॅशला 5-6 व्होल्ट असतं, पण जुन्या बाजारात मिळणाऱ्या फ्लॅशला 200 च्या वरही निघतं. कॅमेऱ्यांनी 24 व्होल्ट सहन करावेत असं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, काही जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांना मात्र 6 च्या वर नकोच असायचे. म्हणून फ्लॅश चार्ज करा, मल्टीमीटर डीसीवर ठेवा, मधल्या पिनला लाल आणि कडीला काळी प्रोब लावा, आधी आकडा बघा. आकडा उणे आला तर त्या फ्लॅशची पोलॅरिटी, म्हणजे धन-ऋण टोकं, उलटी आहेत, तो तसाच बाकीच्यांना जोडला तर एकमेकांचं व्होल्टेज मारून टाकतील आणि कोणीच उडणार नाही.

जुना आणि नवा फ्लॅश एका वायरवर असेल तर जुन्याचं जास्त व्होल्टेज नव्याच्या सर्किटमध्ये घुसतं. उपाय स्वस्त आहे, प्रत्येक फ्लॅशच्या पॉझिटिव्ह तारेत एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग, 1एन4007 चालतो, तो 1000 व्होल्टपर्यंत उलटा दाब अडवतो. पट्टीवालं टोक कॅमेऱ्याकडे ठेवायचं, म्हणजे फ्लॅशकडून कॅमेऱ्याकडे रस्ता मोकळा आणि एका फ्लॅशमधून दुसऱ्यात जायला बंदी. पण लक्षात घ्या, याने फ्लॅश एकमेकांपासून वाचतात, कॅमेरा नाही. कॅमेऱ्याला सगळ्यात मोठं व्होल्टेज दिसतच राहतं, त्याच्यासाठी व्होल्टेज कमी करणारा सेफ-सिंक अडॅप्टर वेगळा लागतो. आणि फ्लॅश स्वतः उघडू नका, बंद केल्यावरही आतला मोठा कपॅसिटर बराच वेळ भरलेला राहतो आणि त्याचा झटका जिवावर बेतू शकतो.

आपल्याकडच्या पासपोर्ट फोटोच्या स्टुडिओत बघा, बऱ्याच ठिकाणी कॅमेऱ्यातून एक वायर एका छत्रीवाल्या लाइटला गेलेली असते आणि दुसरा लाइट पहिल्याचा उजेड बघून आपोआप पेटतो. बंद खोलीत हे झकास चालतं. लग्नाच्या मांडवात मात्र दुसऱ्या कोणाचा फ्लॅश उडाला की आपला लाइट उगीच पेटतो, आणि बाहेर भर उन्हात उजेड ओळखणारा त्याचा सेन्सर आंधळा होतो. वायरला यातलं काहीच होत नाही, तिला बॅटरी लागत नाही, रेडिओ ट्रिगरसारखा चॅनल लावावा लागत नाही. तिचा दुबळा भाग एकच, कॅमेऱ्याचं ते गोल पीसी सॉकेट, म्हणजे सिंक वायर लावायचं भोक, जे जरा ओढ बसली की निसटतं. म्हणून वायरचा कॅमेऱ्याजवळचा भाग स्टँडला टेपने बांधून घ्यावा, फ्लॅशच्या बाजूला जमेल तिथे 3.5 एमएमचा मोनो जॅक वापरावा. आणि शूट सुरू करायच्या आधी वायरचं कॅमेऱ्याकडचं टोक काढून पिन आणि कडी एका तारेच्या तुकड्याने क्षणभर जोडून बघावी. सगळे फ्लॅश उडाले तर वायरिंग ठीक, एखादा राहिला तर दोष त्याच फांदीवर शोधायचा.