व्यक्तिमत्त्व विकार: प्रकार, निदान आणि उपचार

व्यक्तिमत्त्व विकार म्हणजे पर्सनॅलिटी डिसऑर्डर. माणसाची विचार करायची, भावना झेलायची आणि दुसऱ्यांशी वागायची पद्धतच इतकी ताठर होऊन बसते की ती घरात, कामावर, मैत्रीत, सगळीकडे आडवी येते, वर्षानुवर्षं तशीच राहते आणि त्या माणसाला किंवा त्याच्या जवळच्यांना, बहुतेक वेळा दोघांनाही, त्याचा त्रास होतो, तेव्हा डॉक्टर हे नाव वापरतात. लक्षणं किशोरवयात किंवा विशीच्या सुरुवातीला दिसायला लागतात. वेगवेगळ्या देशांतली सर्वेक्षणं एकत्र पाहिली तर १०० प्रौढांमागे साधारण ७-८ जणांना यातला कुठला ना कुठला प्रकार असतो, म्हणजे हे दुर्मिळ अजिबात नाही.

'स्वभावाला औषध नाही' असं आपण सगळेच सहज बोलून जातो आणि या एका वाक्यापायी कितीतरी पेशंट उपचारांपर्यंत पोचतच नाहीत असं मला मनापासून वाटतं. हट्टी, संशयी, तापट, घुमा, चिकित्सक असे शब्द आपल्याकडे आधीपासून तयारच आहेत ना, त्यामुळे विकार असला तरी तो स्वभावाच्या खात्यात जमा होतो. मग फरक करायचा कसा? तापट माणूस साहेबासमोर गप्प बसतो, लहान बाळ दिसलं की विरघळतो, चुकलं की निदान दुसऱ्या दिवशी तरी सॉरी म्हणतो. प्रसंग बदलला की वागणं बदलतं. विकारात हे बदलणंच जमत नाही, माणूस कुठेही गेला तरी तोच पॅटर्न, तीच भांडणं, तोच शेवट.

दुसरी अडचण अशी की डिप्रेशन आलं तर माणसाला कळतं, मी आधी असा नव्हतो. इथे 'आधी' असं काही नसतंच, जे आहे तेच 'मी' वाटतं, त्यामुळे मला काही झालंय हे न वाटता लोकच माझ्याशी असे का वागतात हे वाटत राहतं. म्हणून बरेचसे पेशंट येतात ते भलत्याच कारणाने, झोप नाही, दारू सुटत नाही, लग्न मोडायला आलंय, आणि मग बोलता बोलता मूळ गोष्ट समोर येते.

जर्मन मानसोपचारतज्ज्ञ कुर्ट श्नायडर यांनी १९२३ मध्ये अशा व्यक्तिमत्त्वांचे प्रकार मांडले आणि ज्यांच्यामुळे ते स्वतः किंवा समाज त्रास भोगतो अशी त्यांची ओळख सांगितली. पुढे अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या डीएसएम या निदान-पुस्तिकेच्या १९८० च्या आवृत्तीत या विकारांना वेगळा कप्पा मिळाला, बॉर्डरलाइन आणि नार्सिसिस्टिक ही नावं अधिकृत यादीत तेव्हाच आली. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत १० प्रकार आहेत आणि त्यांचे ए, बी, सी असे तीन गट म्हणजे क्लस्टर केलेत.

क्लस्टर ए मधली माणसं बाहेरून विचित्र किंवा तुटक वाटतात. पॅरानॉइड प्रकारात प्रत्येकाच्या हेतूवर संशय, साध्या बोलण्यातही अपमान सापडतो आणि तो वर्षानुवर्षं विसरला जात नाही. स्किझॉइड माणसाला नात्यांची ओढच नसते, कौतुक आणि टीका दोन्ही त्याला जवळपास सारखंच. स्किझोटायपलमध्ये बोलणं आणि समजुती चमत्कारिक असतात, रस्त्यावरच्या अनोळखी माणसाने वळून पाहिलं तर त्यात आपल्यासाठी काहीतरी खास अर्थ आहे असं वाटत राहतं. जागतिक आरोग्य संघटना हा प्रकार व्यक्तिमत्त्व विकारांत न धरता स्किझोफ्रेनियाच्या घराण्यात धरते. या गटातले लोक आपणहून डॉक्टरकडे फारसे येत नाहीत.

क्लस्टर बी म्हणजे भावनांचा आणि वागण्याचा जोर जास्त असलेला गट. यातल्या अँटिसोशल या शब्दाचा घोळ आधी मिटवायला हवा, कारण 'मी जरा अँटिसोशल आहे' असं आपण कुणात न मिसळणाऱ्या माणसासाठी म्हणतो. निदानात त्याचा अर्थ एकदम वेगळा आहे: दुसऱ्यांचे हक्क तुडवणं, सतत खोटं बोलणं, फसवणं, इजा करणं आणि त्याचा पश्चात्ताप नसणं. १८ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय हे निदान करता येत नाही आणि अशा वागण्याची सुरुवात १५ च्या आधी झालेली असावी लागते. हिस्ट्रिओनिक प्रकारात सगळ्यांचं लक्ष आपल्याकडे नसेल तर माणूस अस्वस्थ होतो. नार्सिसिस्टिक हा शब्द तर हल्ली प्रत्येक ब्रेकअपनंतर समोरच्याला चिकटवला जातो, पण स्वार्थी वागणं म्हणजे हा विकार नव्हे. यात मोठेपणाच्या कल्पना, कौतुकाची न संपणारी भूक आणि दुसऱ्याचं दुःख न जाणवणं असतं, आणि बऱ्याच जणांत त्याखाली अगदी ठिसूळ आत्मसन्मान असतो जो एका टीकेने कोसळतो.

बॉर्डरलाइनबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज याच प्रकाराबद्दल आहेत. सीमारेषेवरचा, म्हणजे थोडासाच आजारी, असा अर्थ लोक काढतात. खरं तर न्यूरोसिस (चिंता, भीती असे त्रास, पण वास्तवाचं भान शाबूत) आणि सायकोसिस (वास्तवाचं भानच सुटणं) यांच्या सीमेवरचे पेशंट या अर्थाने हा शब्द आला, मनोविश्लेषक अॅडॉल्फ स्टर्न यांनी तो १९३८ मध्ये वापरला होता. आज याचा गाभा मानतात तो म्हणजे भावनांचा ताबा सुटणं, नात्यांतली आणि स्वतःबद्दलच्या कल्पनेतली अस्थिरता आणि सोडून जातील ही भीती. जवळून पाहिलं तर असं दिसतं: मेसेज पाठवला, दोन निळ्या टिका दिसल्या, उत्तर नाही. आपल्याला वाटतं कामात असेल. पण इथे पाच मिनिटांत छातीत धस्स होतं, दहा मिनिटांत 'मला सोडलं' ही खात्री होते, मग वीस मेसेज, मग 'तुझं तोंड बघायचं नाही', आणि समोरच्याचा फोन आला की 'तुझ्याशिवाय मी जगूच शकत नाही', आणि रात्री स्वतःचीच इतकी किळस की स्वतःला इजा करावीशी वाटते. यातला एकही शब्द खोटा नसतो, त्या त्या क्षणी ते सगळं शंभर टक्के खरं वाटत असतं. याला नाटक म्हणणं म्हणूनच फार क्रूर आहे. आत्महत्येचा धोका यात खरा असतो, तसं कुणी बोललं तर ते गंभीरपणे घेऊन लगेच मदत मिळवायची, थांबून बघायचं नाही.

क्लस्टर सी मध्ये भीती आणि चिंता मुख्य. अव्हॉइडंट माणूस स्किझॉइडसारखाच घरात एकटा बसलेला दिसेल, पण त्याला माणसं हवी असतात, फक्त हसतील, नाकारतील या धास्तीने तो दारापर्यंत जाऊन परत फिरतो. डिपेंडंट माणसाला रोजचे छोटे निर्णयही कुणी सांगितल्याशिवाय घेता येत नाहीत. तिसरा ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह पर्सनॅलिटी डिसऑर्डर, आणि हा म्हणजे ओसीडी (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर) नव्हे. ओसीडीमध्ये पुन्हा पुन्हा हात धुणाऱ्याला ते विचार नकोसे असतात, इथे माणसाला आपलीच पद्धत बरोबर वाटते. रिपोर्ट पाच वाजता द्यायचा होता, रात्रीचे अकरा वाजले तरी तो हेडिंगांचे अंतर नीट करतोय, मदतीला आलेल्याला हात लावू देत नाही, आणि रिपोर्ट गेलेलाच नाही.

आता या दहा खणांबद्दलची खरी तक्रार. बॉर्डरलाइनचे ९ निकष आहेत आणि त्यातले कुठलेही ५ पुरतात, हिशोब केला तर २५६ वेगवेगळ्या जुळण्या निघतात, म्हणजे एकच निदान असलेल्या दोघांत फक्त एक लक्षण समान असू शकतं. शिवाय एका प्रकारात बसणारा माणूस बऱ्याचदा आणखी एक-दोन प्रकारांतही बसतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीने, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, ही प्रकारांची यादीच काढून टाकली. त्यात विकार एकच, तो सौम्य, मध्यम की तीव्र हे ठरवायचं आणि मग ठळक गुण नोंदवायचे: नकारात्मक भावना, अलिप्तपणा, दुसऱ्यांची पर्वा नसणं, आवेग आणि काटेकोरपणाचा अतिरेक. फक्त बॉर्डरलाइन पॅटर्न वेगळा नोंदवायची सोय ठेवली. मला ही पद्धत जास्त पटते, 'कुठला प्रकार' यापेक्षा 'किती अडतंय' हे आधी विचारलं जातं. तरी रोजच्या बोलण्यात जुनी नावं अजून चालूच आहेत.

कारण एकच असं नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून अनुवंशाचा बऱ्यापैकी वाटा दिसतो, त्यात लहानपणीचा छळ, दुर्लक्ष, असुरक्षित घर यांची भर पडते, पण असं काही न घडलेल्यांनाही विकार होतो, तेव्हा आईबापांना सरसकट दोषी धरणं चूक आहे.

औषधांचं म्हणाल तर मूळ विकारावर खास अशी गोळी नाही, सोबतच्या डिप्रेशन, चिंतेसाठी औषधं देतात. मुख्य उपचार सायकोथेरपीचा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी बॉर्डरलाइनसाठी डायलेक्टिकल बिहेव्हियर थेरपी म्हणजे डीबीटी तयार केली, तिची पहिली मोठी चाचणी १९९१ मध्ये छापून आली आणि त्यात स्वतःला इजा करण्याचं प्रमाण कमी झालेलं दिसलं. त्याच लिनेहान यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं की तरुणपणी त्या स्वतः स्वतःला इजा करायच्या आणि दोन वर्षांहून जास्त काळ मानसोपचार रुग्णालयात होत्या. डीबीटीत अगदी हाताशी धरता येतील अशी कौशल्यं शिकवतात, उदाहरणार्थ भावनेचा कडेलोट व्हायच्या बेतात असेल तर श्वास रोखून चेहरा काही सेकंद गार पाण्यात बुडवायचा, त्याने हृदयाचे ठोके मंदावतात (हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारूनच). याशिवाय लहानपणापासून रुजलेल्या समजुतींवर काम करणारी स्कीमा थेरपी आहे, आणि मेंटलायझेशनवर आधारलेली थेरपी आहे, ही दुसरी थेरपी दुसऱ्याच्या मनात काय चाललं असेल याचा घाई न करता अंदाज घ्यायला शिकवते.

अमेरिकेतल्या मॅक्लीन हॉस्पिटलमध्ये संशोधक मेरी झनारिनी यांनी १९९२ पासून बॉर्डरलाइनच्या २९० पेशंटना दर दोन वर्षांनी भेटून पाहिलं. १० वर्षांत ९३ टक्के जणांची लक्षणं सलग निदान दोन वर्षं निकषांच्या खाली गेली होती. पण लक्षणं जाण्यासोबत कामही नीट चाललंय आणि एखादं जवळचं नातंही टिकलंय, असं सलग दोन वर्षं जमलेले मात्र निम्मेच होते. म्हणजे वादळ शमतं, त्यात मोडलेली नोकरी आणि माणसं परत जोडायला मात्र जास्त वेळ लागतो.