गोगोच्या पदरातली मुलं

आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या, एड्सने अनाथ केलेल्या मुलांसाठी देणग्या मागणाऱ्या फोटोंत मूल सहसा एकटं दिसतं. प्रत्यक्षात त्याच्यामागे बहुतेक वेळा एक म्हातारी असते. झुलू भाषेत तिला गोगो म्हणतात, म्हणजे आजी. मदतीचा पैसा या गोगोपर्यंत पोहोचायला बरीच वर्षं गेली.

घोटाळा शब्दापासूनच आहे. युनिसेफच्या व्याख्येत आई-बापांपैकी एक जरी गेलं तरी अठरा वर्षांखालचं मूल अनाथ ठरतं. आपण अशा मुलाला फार तर पोरकं म्हणू. पण ‘अनाथ’ म्हटलं की देणगीदाराला अनाथाश्रम सुचतो. २००६ मध्ये मॅडोनाने मलावीतल्या एका आश्रमातून जे बाळ दत्तक घ्यायला नेलं, त्याचे वडील हयात होते. आई गेली होती आणि घरी पोसायची ऐपत नव्हती, एवढंच.

घरं विस्कटली ती एड्सच्याही आधी. १८८६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडला सोनं सापडलं आणि लेसोथो, मोझांबिक, मलावीतले पुरुष खाणींकडे निघाले. मजुरांनी खाणीच्या बराकीत राहायचं आणि बायकामुलांनी गावी. पुढे वर्णभेदी सरकारच्या पास कायद्यांनी, म्हणजे काळ्यांना शहरात राहायला परवाना सक्तीचा करणाऱ्या कायद्यांनी, काळ्या कुटुंबांना शहरात एकत्र नांदूच दिलं नाही. नातवंडं आजीकडे वाढायची रीत या सक्तीने आणखी घट्ट झाली, आणि एचआयव्हीही पसरला तो बराचसा याच ये-जा करणाऱ्या वाटांनी.

माय मरो पण मावशी जगो, असं आपण म्हणतो. इथे अनेक घरांत मावशीही गेली.

झिंबाब्वेतल्या मुतारे शहरात १९८७ पासून काम करणाऱ्या ‘फॅमिली एड्स केअरिंग ट्रस्ट’ने १९९३ मध्ये वेगळी वाट धरली. आश्रम न बांधता चर्चमधल्या गावच्याच बायका घरोघरी जाऊ लागल्या. मक्याचं बियाणं, ब्लँकेट, शाळेची फी असं जिथे जे अडलं असेल ते द्यायचं आणि मूल नातलगांतच ठेवायचं.

दक्षिण आफ्रिकेने एप्रिल १९९८ पासून बालसंगोपन अनुदान सुरू केलं. सुरुवातीला सात वर्षांखालच्या गरीब मुलांसाठी महिना १०० रँड. रक्कम किरकोळ, पण मूल प्रत्यक्ष जो सांभाळतो त्याच्या हाती पैसा द्यायचा, हे तत्त्व मोलाचं होतं. त्यामुळे गोगोला आपण आई नाही याबद्दल खुलासे करावे लागले नाहीत.

गंमत अशी की दुसऱ्याचं मूल सांभाळणाऱ्या पालक-कुटुंबांसाठीचं दुसरं अनुदान याच्या कितीतरी पट होतं आणि ते कोर्टाच्या आदेशाने मिळे. साहजिकच आज्या कोर्टाच्या पायऱ्या चढू लागल्या. स्वतःच्याच नातवाचं ‘पालकत्व’ मागायला! २०११ च्या सुमारास अशी अनुदानं पाच लाखांच्या घरात गेली. समाजसेवक फायलींखाली दबले आणि छळ होणाऱ्या, खरोखर निराधार मुलांकडे बघायला वेळ उरेना. नातलगांकडच्या अनाथ मुलांसाठी बालसंगोपन अनुदानातच वाढीव रक्कम द्यायला २०२२ उजाडलं.

पण मूल पोरकं होऊ नये यासाठी लागत होतं एचआयव्हीवरचं औषध. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाचे युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा एकत्रित उपचार ‘मेडिसाँ साँ फ्राँतिएर’ या डॉक्टरांच्या संस्थेला एका रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. तोवर त्याच उपचाराला दहा हजारांहून जास्त डॉलर पडत. आई जगली की आश्रमाचा प्रश्नच उरत नाही, हे साधं गणित होतं. तरी दक्षिण आफ्रिकेचं सरकार औषधांबाबत आणखी काही वर्षं घोळ घालत राहिलं, आणि तेवढ्या काळात आणखी मुलं पोरकी झाली.

२००३ मध्ये अमेरिकेने एड्सविरोधी ‘पेपफार’ योजना आणली. तिच्यातला दहावा हिस्सा अनाथ आणि असुरक्षित मुलांसाठी राखून ठेवला गेला. २० जानेवारी २०२५ ला अमेरिकेने परदेशी मदत ९० दिवसांसाठी रोखली, आणि त्या पैशावर चालणारी कामं एकदम लटकली. मलावीत गरीब घरांना रोख रक्कम देणारी योजना २००६ मध्ये म्चिंजी जिल्ह्यात सुरू झाली. तिचाही मोठा भार परदेशी दात्यांवरच आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या गोगोचं अनुदान मात्र देशाच्या स्वतःच्या तिजोरीतून येतं.