प्रारंभिक वाचन, मराठीतील

मुलांना मराठी वाचायला शिकवण्याची शालेय व घरगुती रीत. मुळाक्षरे, बाराखडी आणि जोडाक्षरे हा तिचा रूढ क्रम. पूर्वी धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेत. पुढे दगडी पाटी आणि अंकलिपी आली.

बाराखडीतील बाराच्या आकड्याविषयी मतभेद आहेत. संस्कृत वर्णमालेतले ऋ, ॠ, ऌ, ॡ तिच्यात नाहीत. अं, अः मात्र आहेत. ‘ललितविस्तर’ या बौद्ध ग्रंथात (साधारणतः इ. स. तिसरे शतक किंवा त्यानंतर) बोधिसत्त्व (भावी बुद्ध) लिपिशाळेत जातो. त्या प्रसंगाच्या प्रचलित पाठात अ ते अः असे नेमके हेच बारा स्वर येतात. सातव्या शतकातला चिनी यात्रेकरू ह्यूएनत्संग भारतातील मुलांचे शिक्षण ‘बारा प्रकरणां’पासून सुरू होते असे लिहितो. ही प्रकरणे म्हणजे बारा स्वरांच्या मालिका, असे काही अभ्यासक मानतात. इतरांच्या मते ते ‘सिद्धम्’ या आरंभपाठाचे विभाग होत. त्याच शतकातला दुसरा चिनी यात्रेकरू इत्सिंग मात्र या पाठाचे अठरा विभाग व ४९ वर्ण सांगतो. मुले सहाव्या वर्षी तो हाती घेत आणि सहा महिन्यांत संपवत, असेही नोंदवतो. बारा स्वरांचा क्रम ललितविस्तराइतका जुना मानण्यास हरकत नसावी. आजची घोकंपट्टी तेव्हापासून अखंड चालत आली, असे म्हणण्यास मात्र हा पुरावा अपुरा आहे. उलट त्या ग्रंथात प्रत्येक वर्णाबरोबर त्याच वर्णाने सुरू होणारे वचन उमटते: ‘अ’ म्हणताच ‘सर्व संस्कार अनित्य आहेत’ या अर्थाचे. अक्षराला अर्थाची जोड तेथे पहिल्यापासूनच आहे, आणि ही गोष्ट शिकवणाऱ्यांनी विसरू नये.

महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या निर्णयाने ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत स्थान मिळाले. त्यामुळे अनेक शाळांत आता ‘चौदाखडी’ म्हणतात.

‘क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि’ हे मूल धडाधड म्हणते, पण पुस्तकात मधूनच ‘कि’ दाखवला की अडते. याची काही कारणे लिपीत आहेत. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहितात, उच्चार मात्र नंतर होतो. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. ‘र’ची जोडरूपे तर सूर्य, चक्र, राष्ट्र, सुऱ्या अशी निरनिराळी. ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतला च एकच लिहितात, उच्चार दोन. शिवाय ‘बसला’ हा शब्द ब-स-ला असा सुटा वाचला तर बोलण्यातला ‘बस्ला’ कानाला लागत नाही. अक्षरे लावून लावून वाचणाऱ्या मुलाला शब्द हुकतो तो पुष्कळदा येथेच.

वाचन सुट्या अक्षरांपासून, अख्ख्या शब्दांपासून की वाक्यांपासून सुरू करावे, हा वर्णपद्धती, शब्दपद्धती व वाक्यपद्धती यांचा वाद जुना आहे. देवनागरीत अक्षर हेच वाचनाचे एकक असल्याने केवळ शब्दचित्रे ओळखायला लावणे पुरत नाही. मोजकी अक्षरे व स्वरचिन्हे एकत्र घेऊन त्यांतूनच अर्थपूर्ण शब्द वाचायला देणारी अक्षरगट पद्धती अधिक योग्य वाटते. ‘म’, ‘ल’, ‘क’ आणि काना एवढ्यावर ‘काका’, ‘मामा’, ‘माला’, ‘कमाल’, ‘कमल’ वाचता येतात. भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांच्या फलटण येथील प्रगत शिक्षण संस्थेने मराठी साक्षरतेवर दीर्घकाळ काम केले आहे. केंद्र शासनाच्या ‘निपुण भारत’ अभियानाने (२०२१) तिसरीअखेर समजून वाचता येणे हे उद्दिष्ट ठरवले, तेही २०२६–२७पर्यंत.

घरी रोज थोडा वेळ मोठ्याने वाचून दाखवणे, ओळीखाली बोट फिरवणे, दुकानांच्या व बसच्या पाट्या वाचायला लावणे यांचा उपयोग होतो. पालक निरक्षर असले तरी मुलाचे वाचन ऐकून ‘मग पुढे काय झाले?’ असे विचारू शकतात.

वारली, गोंडी, कोरकू अशा भाषा घरी बोलणाऱ्या मुलांना प्रमाण मराठीतले शब्द आधी तोंडात यावे लागतात. केवळ अक्षरओळख वाढवून ही अडचण सुटत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डी येथे आणि पुढे कोसबाड येथे आदिवासी पाड्यांतच अंगणवाड्या भरवल्या. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही चालवल्या.