वृद्धांच्या आरोग्यावर पीएचडी करायचीय? जेआरएफचा अर्ज भरण्याआधी हे वाचा

गावात मागे राहिलेले एकटे म्हातारे, विसरभोळेपणाचा आजार, साठीनंतरचा दवाखान्याचा खर्च अशा विषयांवर संशोधन करायचं ठरवलं की विद्यार्थी आधी ‘वृद्धत्वशास्त्राची शिष्यवृत्ती’ शोधत बसतात. त्यातच महिने जातात. पीएचडीला दरमहा पोटापुरता पैसा देणारा मोठा रस्ता यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) जेआरएफचा, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिपचा आहे, आणि ही फेलोशिप प्रबंधाच्या नावावर नाही, नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेवर मिळते.

नेटच्या यादीत वृद्धत्वशास्त्र असा वेगळा विषय नाही. ज्या विषयात पदव्युत्तर पदवी घेतली त्यातच नेट द्यायची, आणि तो विषय यादीत नसेल तर जवळचा निवडायचा, असा नियम आहे. एमएसडब्ल्यूवाल्यांना सोशल वर्क, लोकसंख्याशास्त्रवाल्यांना पॉप्युलेशन स्टडीज. एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) झालेल्यांना सोशल मेडिसिन अँड कम्युनिटी हेल्थ जवळचा पडतो. वृद्धांचा विषय पुढे, गाइडसोबत बसून ठरतो. पेशी आणि औषधांच्या बाजूने जाणाऱ्यांसाठी सीएसआयआर (वैज्ञानिक संशोधन परिषद) आणि आयसीएमआर (वैद्यकीय संशोधन परिषद) यांच्या जेआरएफ आहेत, त्यांचे नियम निराळे.

पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के हवेत. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रिमिलेअर ओबीसी, दिव्यांग आणि तृतीयपंथी उमेदवारांना ५०. इथे ५४.९ म्हणजे ५५ होत नाही, राउंड करून चालत नाही. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही अर्ज करू शकतात. जेआरएफसाठी वय ३० पर्यंत, आत्ताच सांगितलेल्या या राखीव प्रवर्गांना आणि सर्व महिलांना पाच वर्षांची सवलत. लग्न, मुलं झाल्यावर पुन्हा शिकायला आलेल्या कितीतरी जणींना ही सवलत माहीतच नसते.

परीक्षा एनटीए (राष्ट्रीय चाचणी संस्था) घेते, साधारणपणे जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा. तीन तासांत दोन पेपर, १५० प्रश्न, ३०० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडू नका.

खरी अडचण कागदपत्रांची. फोटो, सही, गुणपत्रिका, आधार हे सगळ्यांकडे असतं. घोळ होतो तो जातीच्या दाखल्यात. महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी काढलेला राज्याच्या नमुन्यातला दाखला इथे चालेलच असं धरू नका. नेटला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, आणि ओबीसींची जात केंद्राच्या ओबीसी यादीत असावी लागते. राज्यात व्हीजेएनटी किंवा एसबीसीत असाल तर केंद्राच्या यादीत आपली जात कुठे आहे ते आधी बघून घ्या. राज्याचा एसईबीसी प्रवर्ग केंद्रात नाहीच. ईडब्ल्यूएसचा दाखला काढायचा तर कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, आणि तो कोणत्या आर्थिक वर्षाचा हे नीट पाहा. अर्जाची तारीख जाहीर झाल्यावर सेतू केंद्रात रांग लावली तर मग नशिबावर हवाला.

निवड झाली की पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, मग कामाचं मूल्यमापन होऊन एसआरएफ (सीनिअर रिसर्च फेलो) म्हणून ४२,०००. घरभाडं आणि किरकोळ खर्चाची रक्कम वेगळी. एकूण मुदत पाच वर्षांची, पण आधी पीएचडीला प्रवेश मिळवून रुजू व्हावं लागतं. जेआरएफ थोडक्यात हुकली तरी नेटच्या गुणांवर पीएचडी प्रवेश होतो: ७० टक्के वजन नेटला, ३० टक्के मुलाखतीला. मग पैशासाठी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. महाराष्ट्राचा रहिवासी दाखला, पीएचडी नोंदणीचं पत्र आणि दुसरी फेलोशिप घेत नसल्याचं हमीपत्र तयार असू द्या.

मुलाखतीत ‘डेटा कुठून आणणार?’ हे विचारतातच. मुंबईत देवनारला आयआयपीएस ही लोकसंख्येचा अभ्यास करणारी संस्था आहे. तिने केलेल्या लासी (वाढत्या वयाच्या लोकांची देशव्यापी पाहणी) या पाहणीच्या पहिल्या फेरीत (२०१७-१८) देशभरातल्या ७२ हजारांहून अधिक लोकांची माहिती आहे, मुख्यतः ४५ वर्षांवरच्यांची. ती संशोधकांना मागणी केल्यावर मिळते. गावोगाव फिरायला पैसा नसलेल्यांना हा मोठा आधार.

आणि रुजू झाल्यावर एक काम विसरू नका. फेलोशिप कॅनरा बँकेच्या पोर्टलवरून येते, आणि तुम्ही हजर आहात हे तुमच्या संस्थेने तिथे दरमहा नोंदवावं लागतं. ते करणारा कारकून कोण, हे पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवा. माझे चार महिन्यांचे पैसे फक्त एवढ्यासाठी अडकले होते.