शेवंती थंडी नाही, रात्र मोजते

"थंडी पडली की शेवंती फुलते" हे वाक्य मी स्वतः इतक्या जणांना ठोकून दिलंय की त्यात तपासण्यासारखं काही आहे असं कधी वाटलंच नाही. मग एका वर्षी बागेचे दर रविवारी सकाळी फोटो काढायचं खूळ डोक्यात शिरलं आणि त्या फोटोंनीच मला तोंडावर पाडलं.

झालं असं, की एकाच शेवंतीच्या फांद्या तोडून दोन कुंड्यांत लावल्या होत्या. म्हणजे दोन्ही झाडं जुळीच, माती तीच, पाणी तेच. एक कुंडी दाराजवळ, दुसरी दहा-बारा पावलांवर भिंतीच्या कोपऱ्यात. चार महिन्यांचे फोटो एकामागून एक सरकवून बघितले तर कोपऱ्यातली कळ्यांनी भरलेली आणि दाराजवळची नुसतीच उंच, हिरवीगार, कळीचा पत्ता नाही. थंडी दोघींनाही सारखीच पडली होती ना! एक जण म्हणाले दृष्ट लागली असणार, मिरच्या ओवाळा. दृष्ट लागलेलं झाड इतकं टवटवीत कसं दिसतं हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

आधी फोटोंबद्दल थोडं, कारण मोबाइलचा कॅमेरा फार लबाड असतो. ऑटो व्हाइट बॅलन्सवर (म्हणजे रंग आपोआप जुळवण्याच्या सेटिंगवर) ठेवला तर पिवळं पडलेलं पानही तो 'सुधारून' हिरवं दाखवतो, म्हणून व्हाइट बॅलन्स उन्हावर फिक्स करायचा, एचडीआर बंद, झूम नाही, फरशीवर रंगाचा ठिपका देऊन दर वेळी तिथेच उभं राहायचं आणि फ्रेमच्या कडेला एक पांढरा कागद ठेवायचा. मी मध्येच एकदा ठिपका पुसून टाकला आणि पुढचे तीन आठवडे झाड खुजं झाल्यासारखं दिसतंय, असो.

चोर सापडला तो रात्रीच्या फोटोत. मॅन्युअल मोडमध्ये आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) तोच ठेवून दोन्ही कुंड्यांचे फोटो काढले. दाराजवळच्या कुंडीला अर्ध्या सेकंदात जेवढा उजेड मिळाला तेवढ्यासाठी कोपऱ्यातलीला आठ सेकंद लागले. म्हणजे सोळापट फरक! दारावरचा दिवा आमच्याकडे रात्रभर चालू असतो, आणि डोळ्यांना सवय झालेली असल्यामुळे तो तिथे आहे हेच मी विसरलो होतो. शेवंती विसरली नव्हती.

ही भानगड शंभर वर्षांपूर्वीच उलगडली आहे. अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलर्ड या दोन संशोधकांकडे तंबाखूची एक जात होती, मेरीलँड मॅमथ, जी उन्हाळ्यात माणसापेक्षा उंच वाढायची पण फुलायचीच नाही, आणि हिवाळ्यात काचघरात मात्र लहान असतानाच फुलायची. सोयाबीनचंही तसंच, वेगवेगळ्या तारखांना पेरलं तरी फुलं साधारण एकाच सुमाराला. त्यांनी झाडं रोज थोडा वेळ अंधाऱ्या खोलीत ठेवून दिवस कृत्रिमपणे लहान केला आणि भर उन्हाळ्यात फुलं आली. 1920 साली त्यांनी हे छापलं. पुढे 1938 मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी झॅन्थियम नावाच्या तणावर दाखवलं की दिवसाच्या मध्ये अंधार केला तर काही बिघडत नाही, पण लांब रात्रीच्या मध्ये थोडा वेळ दिवा लावला तर फुलणं रद्द. म्हणजे झाड दिवस नाही, सलग रात्र मोजतं. आपण मात्र अजूनही अशा झाडांना 'लघुदिवस वनस्पती' म्हणतो, नाव एकदा पडलं की पडलं.

आता माझा आवडता भाग. अंधार मोजायला झाडाकडे डोळे नाहीत, पण पानांत फायटोक्रोम नावाचं प्रथिन असतं आणि त्याची दोन रूपं असतात. एक रूप साधारण 660 नॅनोमीटरचा लाल प्रकाश शोषून दुसऱ्यात बदलतं, आणि ते दुसरं 730 च्या आसपासचा, आपल्याला जेमतेम दिसणारा गडद लाल शोषून परत पहिलं होतं. अगदी विजेच्या बटणासारखं. 1952 मध्ये बोर्थविक, हेन्ड्रिक्स आणि मंडळींनी लेट्यूसच्या बियांवर लाल-गडद लाल-लाल-गडद लाल असे आळीपाळीने झोत मारले, आणि बी रुजणार की नाही हे फक्त शेवटचा झोत कुठला होता यावर ठरलं! लाल प्रकाशाने तयार झालेलं दुसरं, म्हणजे 'चालू' रूप अंधारात हळूहळू आपोआप बंद होतं, त्यामुळे सुरुवातीला सगळ्यांना वाटलं की ही वाळूच्या घड्याळासारखी सोपी गोष्ट आहे. ती तशी नाही. झाडात साधारण 24 तासांचं स्वतःचं घड्याळही चालू असतं आणि प्रकाश कधी पडला याला महत्त्व असतं. जपानी संशोधकांनी 2013 मध्ये शेवंतीच्या एका रानटी भावंडात दाखवलं की अंधार पडल्यापासून ठरावीक तासांनी एक 'दार' उघडतं, त्या वेळेत पानावर लाल प्रकाश पडला तर फायटोक्रोममार्फत एएफटी नावाचं प्रथिन तयार होतं, ते पानातून शेंड्याकडे जातं आणि तिथे फुलण्याचा निरोप घेऊन आलेल्या एफटी गटातल्या प्रथिनाची जागा अडवून बसतं. निरोप्या दारात उभा आणि खुर्चीवर दुसराच बसलेला. (इथे घेरी आली असेल तर एवढंच धरा: अवेळी उजेड म्हणजे फुलांना नकार.)

उजेड बघतं पान, फुलतो शेंडा, हेही शेवंतीवरच कळलं. 1930च्या दशकात रशियात चायलाख्यान यांनी शेंड्याची पानं काढून टाकून त्याला लांब दिवस दिले आणि खालच्या पानांना लहान दिवस, तरी झाड फुललं. तो पानातून शेंड्याकडे जाणारा निरोप्या, म्हणजे एफटी प्रथिन, प्रत्यक्ष हाती यायला 2007 उजाडलं.

मग चंद्राचं काय, असं कुणीतरी विचारणारच, कारण पौर्णिमा-अमावस्या बघून पेरा सांगणारे व्हिडिओ ढिगाने फिरतात. पौर्णिमेचा उजेड फार तर 0.3 लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक), रस्त्याच्या दिव्याखाली सहज 10 लक्स, दुपारच्या उन्हात लाखभर. चंद्रावर एवढे व्हिडिओ करणारे दारावरच्या दिव्यावर एकही का करत नाहीत कोण जाणे. 1936 साली न्यूयॉर्कमध्ये नोंद झाली होती की रस्त्याच्या दिव्याजवळच्या काही झाडांची दिव्याकडची पानं बाकीच्यांपेक्षा उशिरा गळतात. तुमच्याकडे असं झाड असेल तर पानगळीत दर आठवड्याला फोटो काढा, भारी दिसतं.

सगळ्याच झाडांना हे लागू नाही. गुलाब, टोमॅटो वगैरेंना रात्रीचं फारसं देणंघेणं नसतं, उलट पॉइन्सेटिया आणि कलांचो शेवंतीइतकेच हट्टी.

माझ्या कुंडीवर मी पुठ्ठ्याचा खोका घालायला लागलो, संध्याकाळी सहा ते सकाळी आठ. आणि गंमत बघा, खोक्यात बाहेरपेक्षा ऊबच जास्त होती, म्हणजे थंडीमुळे फुलतं म्हणणाऱ्यांच्या हिशेबाने उलटंच व्हायला हवं होतं. पंचविसाव्या दिवशीच्या फोटोत शेंड्यावर मोहरीएवढं हिरवं बोंड दिसलं, वरून बघताना दिसलंच नव्हतं, झूम केल्यावर सापडलं. खोका मात्र लगेच काढायचा नसतो, कळीला रंग दिसेपर्यंत चालू ठेवायचा. मी त्यातले दोन दिवस विसरलो, आणि दिव्याकडच्या बाजूच्या कळ्या अजून बाकीच्यांच्या मागेच आहेत. दोन विसरलेल्या रात्रींनी एवढा फरक पडतो का, की ती बाजू आधीपासूनच मागे होती? तिकडून फोटो काढलेलेच नाहीत, त्यामुळे आता दुसरा ठिपका.