घटस्फोट झाला म्हणजे चर्चमधून बहिष्कार? नाही!

घटस्फोट झालेल्या कॅथलिक माणसाला चर्च बहिष्कृत करतं, त्याला कम्युनियन (चर्चच्या उपासनेत मिळणारा पवित्र भाकरीचा प्रसाद) मिळत नाही, हा समज चुकीचा आहे. या धाकापायी कुणी मारहाण सोसत संसार ओढत असेल, तर ते फार वाईट आहे.

बहिष्कार ही मोजक्या गुन्ह्यांची शिक्षा आहे. धर्मत्याग किंवा पोपवर हात उगारणं, असे ते गुन्हे. 1983च्या चर्च कायद्यात त्या यादीत घटस्फोट नाहीच. उलट कलम 1153 सांगतं, की जोडीदारापासून जिवाला किंवा मुलांना गंभीर धोका असेल तर वेगळं राहता येतं. जिने लग्न टिकवायला जिवाचं रान केलं आणि तरी जिला टाकून दिलं, तिच्यावर पापाचा दोषही नाही. तिने खुशाल कम्युनियन घ्यावं.

अडचण येते ती पहिलं लग्न चर्चच्या दृष्टीने कायम असताना दुसरं केल्यावर. तेव्हा कम्युनियनचा प्रश्न उभा राहतो, पण बहिष्कार तेव्हाही नाही. अमेरिकेत 1884 साली अशा पुनर्विवाहितांसाठी तशी शिक्षा होती खरी; ती 1977 साली रद्द झाली.

आणि चर्चच्या न्यायालयाने लग्न मुळातच अवैध ठरवलं, तरी मुलं अनौरस होत नाहीत. कलम 1137 वाचा.